विश्लेषण : हॉलसाठी कमी खर्चात चांगला स्टिरिओ कसा निवडावा? ‘वॅट’च्या आकड्यांना का भुलू नये?

सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठा पडदा अनेक घरांच्या आवाक्यात आला. त्याच महिन्यात स्पॉटिफायने ‘लॉसलेस’ म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातील तपशील न गाळता संगीत ऐकवणारी सुविधा आणायला सुरुवात केली. ॲपल म्युझिकवर ती २०२१ पासूनच आहे. चित्र मोठे झाले, संगीताची फाइल सुधारली, पण आवाज येतो तो टीव्हीच्या पाठीमागच्या इवल्याशा स्पीकरमधून. त्यामुळे साउंडबार, ब्लूटूथ स्पीकर आणि छोटे ॲम्प्लिफायर यांच्या जाहिरातींना ग्राहक मिळत आहेत. मात्र या बाजारात सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. मग पाहायचे काय?

टीव्ही मोठा, आवाज मात्र बारीक का?

खालच्या पट्टीतला आवाज, म्हणजेच बेस, निर्माण करण्यासाठी बरीच हवा हलवावी लागते. त्यासाठी स्पीकरचा पडदा मोठा हवा आणि त्यामागे पुरेशी पोकळ जागा हवी. जुन्या डब्यासारख्या टीव्हीत ही जागा होती. आजचा टीव्ही दोन-तीन इंच जाडीचा असतो आणि कडा जवळजवळ नसतातच. त्यामुळे स्पीकर खालच्या बाजूला किंवा पाठीमागे बसवले जातात. आवाज भिंतीवर आपटून मग प्रेक्षकापर्यंत येतो. संवाद अस्पष्ट वाटतात, म्हणून आवाज वाढवला जातो आणि जाहिरात लागली की घर दणाणते. हा टीव्हीचा बिघाड नाही, रचनेची मर्यादा आहे. सेटिंगमधील ‘क्लिअर व्हॉइस’सारख्या पर्यायांनी संवाद थोडे सुधारतात, पण तबल्याच्या डग्ग्याचा घुमार त्यातून येत नाही.

साउंडबार घ्यावा की दोन स्पीकर?

दोन्हींची कामे वेगळी आहेत. साउंडबार टीव्हीखाली मावतो, एका एचडीएमआय वायरने जोडता येतो आणि टीव्हीच्याच रिमोटवर चालतो. घरात मुख्यतः मालिका, बातम्या, क्रिकेट पाहिले जात असेल आणि चार माणसे हॉलभर विखरून बसत असतील, तर साउंडबार हा सोयीचा पर्याय आहे.

स्टिरिओचे तत्त्व निराळे. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कानांना दोन स्पीकरमधून किंचित वेगळा आवाज मिळाला की मेंदू मधल्या रिकाम्या जागेत गायक ‘उभा’ करतो. त्यासाठी दोन स्पीकरमध्ये अंतर लागते. दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, हा रूढ नियम. तीन फुटी साउंडबारमध्ये हे अंतर मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक करामतीने आवाज पसरल्याचा भास होतो इतकेच. उलट स्टिरिओची मर्यादा अशी, की सर्वोत्तम परिणाम मधल्या जागेवरच मिळतो. गाणे ऐकणे हा मुख्य हेतू असेल तर दोन स्पीकर घ्यावेत, टीव्ही हा मुख्य हेतू असेल तर साउंडबारचा विचार करावा.

‘१००० वॅट’ म्हणजे नेमके किती?

नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डर आणि ‘म्युझिक सिस्टीम’वर ‘पीएमपीओ’चे आकडे झळकायचे. सेलवर चालणाऱ्या यंत्रावरही शेकडो वॅट लिहिलेले असत. क्षणाच्या अत्यल्प भागात, आवाज किती फाटतो याची पर्वा न करता निघू शकणारी काल्पनिक कमाल शक्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्याची सर्वमान्य व्याख्याच नव्हती, त्यामुळे कंपनीला हवा तो आकडा छापता येई. सलग मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ या नावाने दिली जाते. तुलना करायची तर तिचीच.

आज पीएमपीओ मागे पडले असले तरी फुगवटा संपलेला नाही. छोट्या ॲम्प्लिफायरवर ‘१०० वॅट + १०० वॅट’ असे लिहिलेले असते. तो आकडा बहुधा चार ओहमच्या स्पीकरवर आणि दहा टक्के विकृती गृहीत धरून काढलेला असतो. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज उघडपणे फाटलेला. अमेरिकेत अशाच दाव्यांना आळा घालण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरच्या शक्तीबाबत नियम केला आणि तो २०२४ मध्ये अधिक काटेकोर केला.

ग्राहकाला घरबसल्या करता येण्याजोगी एक तपासणी आहे. ॲम्प्लिफायरसोबत येणाऱ्या अडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १९ व्होल्ट आणि ४ अँपिअरचा अडॉप्टर सलग ७६ वॅटच देऊ शकतो. मग त्यावर चालणारे यंत्र दोन्ही बाजूंना मिळून सलग २०० वॅट कुठून देणार?

हॉलला प्रत्यक्षात किती शक्ती लागते?

अपेक्षेपेक्षा खूपच कमी. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा आकडा असतो. तो ८६ डेसिबल असेल, तर एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज मिळतो. सोफा अडीच मीटरवर असेल तर आवाज थोडा उतरतो, पण दुसऱ्या स्पीकरची भर पडते आणि भिंतीही काही आवाज परत पाठवतात. ढोबळमानाने सोफ्यावर ८० डेसिबल धरता येतात, तेही प्रत्येकी एका वॅटवर.

घरात आरामात गाणे ऐकण्यासाठी सरासरी ७० डेसिबल पुष्कळ झाले. डेसिबलच्या हिशेबात १० ने कमी म्हणजे शक्ती एक दशांश. म्हणजे सरासरी शक्ती लागते वॅटचा दहावा भाग! तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका यांसारखे क्षण सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर उसळतात असे धरले, तर त्या क्षणापुरती शंभर पट, म्हणजे १० वॅट शक्ती लागते. त्यात सुरक्षित वाव ठेवला तरी दहा बाय बारा ते बारा बाय पंधरा फुटांच्या हॉलसाठी प्रत्येक बाजूला खरे ३० ते ४० वॅट पुरतात.

याच गणिताची दुसरी बाजूही आहे. शक्ती दुप्पट केल्यावर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ५० ऐवजी १०० वॅटच्या ॲम्प्लिफायरसाठी जादा पैसे मोजून हाती फारसे काही पडत नाही. त्यापेक्षा ८३ ऐवजी ८६ डेसिबलचा स्पीकर निवडला तर तोच फायदा फुकट मिळतो.

पैसा स्पीकरवर की ॲम्प्लिफायरवर?

बजेट मर्यादित असेल तर मोठा वाटा स्पीकरचा. कारण दोन स्पीकरच्या आवाजात जितका फरक असतो, तितका दोन धडधाकट ॲम्प्लिफायरमध्ये नसतो. शौकिनांमध्ये यावर वाद असले तरी आपल्या क्षमतेच्या आत चालणाऱ्या, नीट बनवलेल्या ॲम्प्लिफायरमधील फरक कमी खर्चाच्या यंत्रणेत सहसा निर्णायक ठरत नाहीत.

ॲम्प्लिफायर स्वस्त होण्यामागे तंत्रज्ञान आहे. पूर्वीच्या ‘क्लास एबी’ यंत्रात बरीच वीज उष्णतेत वाया जायची. त्यामुळे मोठा ट्रान्सफॉर्मर, जाड हीटसिंक आणि जड पेटी ओघानेच यायची. ‘क्लास डी’ पद्धतीत ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद होतात आणि सुमारे ९० टक्के कार्यक्षमता मिळते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ सारख्या चिपमुळे तळहातावर मावणारा ॲम्प्लिफायर शक्य झाला. फोसी, आयिमा यांसारख्या चिनी कंपन्यांची उत्पादने याच वर्गातली.

स्पीकरबाबत संशोधन काय सांगते? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून अनेक चाचण्या घेतल्या. समोर कोणता ब्रँड आहे हे ठाऊक नसताना बहुतेक श्रोते सारख्याच प्रकारच्या स्पीकरला पसंती देतात, असे दिसले. सर्व पट्ट्यांतील आवाज समतोल देणारा आणि बाजूला बसल्यावरही तोच समतोल राखणारा स्पीकर लोकांना आवडतो. बेस किंवा चमक मुद्दाम वाढवलेला स्पीकर दुकानात पाच मिनिटे आकर्षक वाटतो, घरी तासाभरात थकवतो. म्हणून ऐकताना ओळखीचे ध्वनिमुद्रण न्यावे. एखादा स्त्री-आवाज, तबला-तंबोरा आणि साधे बोलणे एवढ्या तीन गोष्टी पुरतात. बोलणे पिंपात बोलल्यासारखे वाटले किंवा ‘स’ कानात टोचला, तर तो स्पीकर तिथेच सोडून द्यावा.

ॲम्प्लिफायर वेगळा घ्यावा की स्पीकरमध्येच असलेला?

ज्यांच्या आत ॲम्प्लिफायर बसवलेला असतो ते ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘पॉवर्ड’ स्पीकर. वायरींचा पसारा कमी, जुळणी कंपनीनेच केलेली आणि ब्लूटूथ, ऑप्टिकल जोडण्या तयार. दहा ते वीस हजारांच्या टप्प्यात हा सर्वांत सोपा मार्ग आहे. तोटा असा, की आतला सर्किट बोर्ड गेला तर स्पीकर धड असूनही जोडी गप्प होते आणि सुटा भाग मिळेलच असे नाही.

‘पॅसिव्ह’ स्पीकर आणि वेगळा ॲम्प्लिफायर घेतल्यास सुरुवातीला खर्च थोडा जास्त होतो, पण एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. चांगला पॅसिव्ह स्पीकर पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो. त्या काळात ब्लूटूथच्या दोन-तीन पिढ्या मागे पडतात. पॅसिव्ह जोडी घेताना स्पीकरचा ओहम आकडा ॲम्प्लिफायरला चालतो ना, एवढे पाहावे. सहा किंवा आठ ओहमचे स्पीकर बहुतेक ॲम्प्लिफायरना चालतात.

खोलीचा आवाजावर किती परिणाम होतो?

आपल्याकडे हा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. पाश्चात्त्य परीक्षणे अनेकदा लाकडी जमीन, पोकळ जिप्समच्या भिंती आणि गालिचे असलेल्या घरांतली असतात. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. हे सगळे आवाज परत फेकतात. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा जो प्रतिध्वनी येतो, तोच संवाद अस्पष्ट करतो.

बेसची अडचण आणखी वेगळी. समोरासमोरच्या भिंतींमध्ये विशिष्ट स्वर अडकून घुमतात. बारा फुटांच्या लांबीत हा स्वर सुमारे ४७ हर्ट्झ, तर दहा फुटांत ५६ हर्ट्झच्या आसपास असतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की हे घुमणे वाढते. मग दोष स्पीकरला दिला जातो.

उपाय महागडे नाहीत. जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला जाड कापडी पडदा, एका भिंतीला पुस्तकांचे कपाट आणि कापडी सोफा यांनी प्रतिध्वनी बराच आवरतो. बेसचे घुमणे मात्र त्याने जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून आणि भिंतीपासून शक्य तितका पुढे घ्यावा. पाठीमागे भोक म्हणजे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीला चिकटवू नये. जागाच नसेल तर पुढे पोर्ट असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा स्पीकर निवडावा. शोकेसच्या खणात कोंबलेला स्पीकर खणासह घुमतो.

उंचीचाही हिशेब आहे. वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, कानाच्या पातळीवर हवा. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. भारतीय बैठकीवर ते पाऊण मीटरच्या आसपास येतात. त्यामुळे घरात कोण कुठे बसते हे पाहूनच स्टँड घ्यावा.

टीव्हीला जोडताना अडचण कुठे येते?

अनेक छोट्या ॲम्प्लिफायरना एचडीएमआय जोडणी नसते आणि अनेक नव्या टीव्हींना हेडफोनचे भोक नसते. दोन्ही पेट्या घरी आल्यावर हे लक्षात येते. म्हणून टीव्हीच्या पाठीमागचा फोटो काढूनच दुकानात जावे. ‘ऑप्टिकल’ किंवा ‘एचडीएमआय एआरसी’ यांपैकी एक तरी दोन्हीकडे असावे. ऑप्टिकल वायर लावूनही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ हे ‘पीसीएम’वर ठेवावे. टीव्ही डॉल्बी संकेत पाठवत असतो आणि साधा ॲम्प्लिफायर तो उलगडू शकत नाही, हे त्याचे कारण.

ब्लूटूथवर टीव्ही जोडल्यास ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. त्यामुळे गाण्यासाठी ब्लूटूथ ठीक, टीव्हीसाठी वायर बरी. ‘घूंऽ’ असा सततचा आवाज येत असेल तर आधी अर्थिंग तपासावे. सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधूनही तो शिरू शकतो.

स्पीकरच्या वायरीवर हजारो रुपये घालण्याची गरज नाही. चार-पाच मीटरच्या अंतरासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची दुपदरी वायर पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर टाळावी. दोन्ही बाजूंना लाल-काळे टोक सारखेच जोडले गेले पाहिजे. एका बाजूला उलटे झाले तर बेस नाहीसा होतो आणि गायक मधोमध उभा राहत नाही.

२५ हजारांत वाटणी कशी करावी?

समजा, एकूण बजेट २५ हजार रुपयांचे आहे. त्यातले १४ ते १६ हजार पाच ते साडेसहा इंची वूफर असलेल्या पॅसिव्ह बुकशेल्फ स्पीकरच्या जोडीला द्यावेत. सहा ते आठ हजारांत ब्लूटूथ आणि शक्यतो ऑप्टिकल जोडणी असलेला क्लास-डी ॲम्प्लिफायर बसवावा. उरलेले दोन-तीन हजार वायर, स्टँड आणि सतरंजीसाठी. स्टँडऐवजी घरातली भक्कम स्टुलेही चालतात.

बजेट १५ हजारांच्या आत असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर घेण्याच्या फंदात न पडता पॉवर्ड स्पीकरची जोडी घ्यावी. सबवूफर पहिल्या खरेदीत घेऊ नये. आधी दोन-तीन महिने जागा बदलून ऐकावे. फ्लॅटमध्ये बहुतेकांना त्याची गरज भासत नाही.

खरेदी करताना काय तपासावे?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे प्रत्यक्ष ऐकून, घासाघीस करून घेता येते. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत आणि वॉरंटी कोण देणार, हे आधी वाचावे. आयात मालाच्या वेष्टनावर मूळ देश, आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी असणे आवश्यक आहे. आयातदाराचा पत्ताच नसेल तर वॉरंटी मागायची कोणाकडे? अडॉप्टरवर बीआयएसची खूण पाहावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

जुना माल हा उत्तम पर्याय ठरू शकतो. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या भारतीय कंपनीचे जुने स्पीकर आजही घराघरांत सापडतात. मात्र वूफरच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहावी. फोमची पट्टी कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत भुसभुशीत होऊन गळून पडते. रबराची पट्टी जास्त टिकते. ॲम्प्लिफायरचे व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर येत असेल तर तो किरकोळ दुरुस्तीचा भाग आहे. एक बाजू मधूनच बंद पडत असेल तर किंमत पाडूनही घेऊ नये.

आवाजाची मर्यादा कोणती?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. बेस स्लॅबमधून आणि भिंतींतून आरपार जातो. आपल्याला सुखद वाटणारा घुमार खालच्या मजल्यावर नुसता धक्का म्हणून पोहोचतो. स्पीकरच्या खाली जाड रबरी पॅड ठेवणे आणि रात्री बेसचे बटण उतरवणे एवढ्याने बरीच भांडणे टळतात.

कानांचेही एक गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो. आवाज वाढला की हा अवधी झपाट्याने घटतो. वरच्या हिशेबात ८० डेसिबलसाठी एक वॅट लागला होता. दुकानदार ‘१००० वॅट’ म्हणेल तेव्हा हा एक वॅट ग्राहकाने आठवावा आणि वाचलेले पैसे स्पीकरवर घालावेत.